'नो क्वेल्गे' म्हणजे काय? स्पॅनिश कस्टमर केअरशी बोलताना कामी येणारी आज्ञार्थी वाक्यं

समजा, तुम्ही नुकतेच शिक्षणासाठी माद्रिदला पोहोचला आहात आणि घरातलं वायफाय बंद पडलंय. तुम्ही इंटरनेट कंपनीला फोन लावता. थोडा वेळ संगीत वाजतं आणि मग रेकॉर्ड केलेला आवाज म्हणतो, "पोर फाबोर, नो क्वेल्गे." 'कोल्गार' म्हणजे फोन ठेवणं, एवढं तुम्ही अ‍ॅपवर शिकलेले असता. त्यामुळे तुम्ही फोन ठेवता आणि २० मिनिटं रांगेत थांबून मिळवलेली जागा जाते.

कारण त्या वाक्याचा अर्थ बरोबर उलटा आहे: "कृपया फोन ठेवू नका."

ही गफलत मराठी माणसाकडून व्हायला एक कारण आहे. मराठीत आज्ञा वाक्याच्या शेवटी येते आणि नकार तर अगदी शेवटी: 'फोन ठेवू नका', 'मोडेम बंद करू नका'. त्यामुळे आपला कान वाक्य संपण्याची वाट बघतो. स्पॅनिशमध्ये उलट आहे. नकार आणि क्रियापद दोन्ही सुरुवातीलाच येऊन जातात आणि बाकीचा तपशील मागून येतो. फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. अशा वेळी पहिले दोन शब्द निसटले की सगळंच निसटतं.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचं?

- फोनवरच्या स्पॅनिशमध्ये पहिला शब्द सगळ्यात महत्त्वाचा. तो 'नो' असेल तर पुढची गोष्ट करायची नाही.
- सुरुवातीला फक्त आदरार्थी आज्ञार्थ शिका. कंपनी तुमच्याशी बहुधा त्यातच बोलेल आणि तुम्हीही त्यातच बोललात तर कुणाला खटकणार नाही.
- स्पेन, मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना या देशांत एकाच कामासाठी वेगवेगळी क्रियापदं वापरतात.
- फोनवर कुणी पासवर्ड किंवा ओटीपी सांगायची आज्ञा केली, तर ती पाळायची नाही. भाषा कुठलीही असो.

हे कुणाच्या कामाचं आहे?

स्पॅनिश ही सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे आणि २० देशांत राज्यकारभाराची भाषा आहे. अमेरिकेत ४ कोटींहून जास्त लोक घरात स्पॅनिश बोलतात. तिथल्या बँका आणि फोन कंपन्यांच्या नंबरवर सुरुवातीलाच "पारा एस्पान्योल, ओप्रिमा एल दोस", म्हणजे 'स्पॅनिशसाठी दोन दाबा', हे वाक्य हमखास ऐकू येतं.

महाराष्ट्राशी याचा संबंध नोकरी आणि शिक्षणातून येतो. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा आणि मॉन्तेर्रेय या शहरांत भारतीय आयटी कंपन्यांची केंद्रं आहेत. स्पेनला शिकायला जाणारे विद्यार्थी आहेत. पुण्यात बसून स्पॅनिश ग्राहकांचे फोन आणि ईमेल हाताळणारे कर्मचारीही आहेत. या सगळ्यांना व्याकरणाच्या पुस्तकातल्या 'माझ्या काकांची बाग सुंदर आहे' या वाक्याच्या आधी 'थांबा', 'पुन्हा सांगा' आणि 'माझी लाइन बंद करा' ही वाक्यं लागतात.

उच्चार कसे करायचे?

इथे मराठी माणसाला थोडा फायदा आहे. स्पॅनिशमधले 'त' आणि 'द' हे आपल्या 'त' आणि 'द' सारखेच दंत्य आहेत, इंग्रजीसारखे 'ट' आणि 'ड' नाहीत. स्वरही 'अ' सोडला तर आ, ए, ई, ओ, ऊ असे सरळ पाच.

काही अक्षरं मात्र फसवतात. इंग्रजी 'व्ही' इथे 'ब' सारखा ऐकू येतो. 'एच' मुका असतो. 'जे' चा उच्चार घशातून काढलेल्या 'ह' सारखा होतो. म्हणजे जोशींचं आडनाव कागदावरून वाचणारा प्रतिनिधी त्यांना 'होशी' किंवा 'होसी' म्हणेल आणि जाधवांचे 'हादाव' होतील. फोनवर कुणी असं नाव घेतलं तर ते आपलंच आहे, हे ओळखावं लागतं. लिहिण्यात दोन 'एल' असले की बहुतेक ठिकाणी 'य' ऐकू येतो, पण अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेसच्या बाजूला त्याचा 'श' होतो. 'फोन करा' हे इतर ठिकाणी 'यामे', तर तिथे 'शामे'.

आज्ञा कशी तयार होते?

स्पॅनिशमध्ये 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद मराठीसारखाच आहे. 'तू' साठी 'तू' हाच शब्द आहे आणि आदरार्थी 'तुम्ही' साठी 'उस्तेद'. हा 'उस्तेद' मुळात 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या आदरार्थी संबोधनातून घडला. म्हणून त्याचं क्रियापद तृतीय पुरुषात चालतं. मराठीत 'साहेबांनी बसावं' म्हणताना समोरच्यालाच आपण तिसरा माणूस असल्यासारखं बोलतो, तसाच हा प्रकार.

उस्तेदची आज्ञा करण्याचा मूळ नियम दोन ओळींचा आहे:

- क्रियापद 'आर' ने संपत असेल तर शेवटी 'ए' येतो. एस्पेरार (थांबणं) – एस्पेरे (थांबा). आब्लार (बोलणं) – आब्ले (बोला). मार्कार (नंबर दाबणं) – मार्के (दाबा).
- क्रियापद 'एर' किंवा 'ईर' ने संपत असेल तर शेवटी 'आ' येतो. लेएर (वाचणं) – लेआ (वाचा). एस्क्रीबीर (लिहिणं) – एस्क्रीबा (लिहा). रेपेतीर (पुन्हा सांगणं) – रेपीता (पुन्हा सांगा).

काही क्रियापदं वाकडी आहेत आणि नेमकी तीच रोज लागतात: देसीर (सांगणं) – दीगा. आसेर (करणं) – आगा. पोनेर (ठेवणं, लावणं) – पोंगा. कोल्गार (फोन ठेवणं) – क्वेल्गे. बोल्बेर (परत येणं, पुन्हा करणं) – ब्वेल्बा. ही पाच पाठ करावी लागतात.

इथे मराठी कानाला एक सापळा आहे. 'थांब' ला 'आ' लावला की मराठीत 'थांबा' हे आदराचं रूप होतं. त्यामुळे 'एस्पेरा' हे जास्त आदराचं वाटतं. पण ते 'तू थांब' आहे. आदराचं रूप 'एस्पेरे'.

नकार देताना काय बदलतं?

उस्तेद आधी शिकण्याचा मोठा फायदा इथे दिसतो. उस्तेदच्या आज्ञेपुढे 'नो' लावला की काम झालं. एस्पेरे म्हणजे थांबा, नो एस्पेरे म्हणजे थांबू नका. क्वेल्गे म्हणजे फोन ठेवा, नो क्वेल्गे म्हणजे ठेवू नका.

'तू' मध्ये मात्र नकारात क्रियापदाचं रूपच बदलतं: एस्पेरा (थांब), पण नो एस्पेरेस (थांबू नकोस). मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही, कारण आपणही 'थांबा' चं 'थांबू' करूनच पुढे 'नका' लावतो. पण फोनवर घाईत बोलताना ही कसरत टाळता येते. म्हणून आधी उस्तेद आणि मित्रमंडळी जमली की 'तू'.

तसं 'तू' चं रूप सोशल मीडियावर रोज कानावर पडत असतं. स्पॅनिश यूट्यूबर व्हिडिओच्या शेवटी म्हणतात, "सुस्क्रीबेते ई आक्तीबा ला कांपानीता", म्हणजे 'सबस्क्राइब कर आणि घंटी चालू कर'. 'सीगेमे' म्हणजे मला फॉलो कर, 'कोंपार्ते' म्हणजे शेअर कर. ही सलगीची भाषा आहे. ग्राहक सेवेच्या प्रतिनिधीला पहिल्याच वाक्यात ती वापरली तर काही देशांत खटकू शकते.

रेकॉर्ड केलेला आवाज काय सांगतो?

सगळ्यात आधी गाठ पडते ती बटणं दाबायला सांगणाऱ्या आवाजाशी. 'दाबा' साठी देशागणिक वेगळा शब्द आहे:

- स्पेनमध्ये: पुल्से
- मेक्सिकोत: मार्के
- अमेरिकेतल्या स्पॅनिश सेवांमध्ये: ओप्रिमा, कधी मार्के
- कोलंबियात: मार्के, आणि ओळखपत्राचा लांब आकडा भरायचा असेल तर दिखीते
- इतरत्र कुठेही ऐकू येऊ शकतं: प्रेसिओने

यातलं कुठलंही ऐकलं तरी काम एकच, पुढे येणारा आकडा दाबायचा. 'उनो' म्हणजे एक, 'दोस' दोन, 'त्रेस' तीन. 'दोसे' (बारा) आणि 'दोस' यांत गल्लत होते. 'सेसेंता' म्हणजे ६० आणि 'सेतेंता' म्हणजे ७०. घाईत यांतला फरक एका व्यंजनापुरता उरतो. स्पेनमधले मोबाइल नंबर नऊ आकड्यांचे असतात आणि लोक ते अनेकदा दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांत सांगतात. त्यामुळे हा घोळ नेमका नंबर लिहून घेताना होतो. अशा वेळी "दीगामेलो नूमेरो पोर नूमेरो" (एकेक आकडा सांगा) असं सरळ म्हणावं.

हॅश बटणाची गंमत वेगळीच आहे. स्पेनमध्ये त्याला 'आल्मोआदीया' म्हणजे छोटी उशी म्हणतात. मेक्सिको आणि चिलीत ते 'गातो', म्हणजे चक्क मांजर. मेक्सिकोत फुली-गोळ्याच्या खेळालाही 'गातो' म्हणतात, आणि त्या खेळाची चौकट हॅशसारखीच दिसते. कोलंबिया, अर्जेंटिनात ते 'नूमेराल' होतं. स्टार मात्र सगळीकडे 'आस्तेरीस्को'.

आणखी काही नेहमीची वाक्यं:

- एस्पेरे एन लीनेआ – लाइनवर थांबा.
- नो से रेतीरे – फोन सोडून जाऊ नका. लॅटिन अमेरिकेत 'नो क्वेल्गे' ऐवजी हे बरंच ऐकू येतं.
- देहे सू मेन्साहे देस्प्वेस दे ला सेन्याल – आवाज झाल्यावर तुमचा निरोप ठेवा.
- ब्वेल्बा आ यामार मास तार्दे – नंतर पुन्हा फोन करा.
- इन्ग्रेसे सू नूमेरो – तुमचा नंबर भरा. स्पेनमध्ये हेच 'इन्त्रोदूस्का', किंवा तिथल्या उच्चारात 'इन्त्रोदूथ्का'.

माणूस फोनवर आला की?

स्पेनमध्ये फोन उचलणारा माणूस "दीगा" किंवा "दीगामे" म्हणतो. हा 'सांगणं' या क्रियापदाचाच आज्ञार्थ आहे: 'सांगा', 'मला सांगा'. मराठी घरात फोन उचलून 'हं, बोला' म्हणतात, तसंच. मेक्सिकोत 'ब्वेनो?' म्हणतात, कोलंबियात 'आलो?' आणि अर्जेंटिनात 'ओला?'.

मेक्सिकोत ऐकू आलं नाही की "मांदे?" असं विचारतात. शब्दशः अर्थ 'हुकूम करा', पण प्रत्यक्षात 'काय म्हणालात?' एवढाच. प्रतिनिधी 'मांदे?' म्हणाला तर आपण काही मागायचं नसतं, आधीचं वाक्य पुन्हा म्हणायचं असतं.

ग्राहकाने पाठ करावीत अशी वाक्यं फार नाहीत:

- आब्ले मास देस्पास्यो, पोर फाबोर – जरा सावकाश बोला. २०१७ मध्ये जगभर वाजलेलं 'देस्पासीतो' हे गाणं आठवलं की शब्द विसरत नाही. त्याचं मूळ हेच 'देस्पास्यो'.
- रेपीता, पोर फाबोर – पुन्हा सांगा.
- देलेत्रेए, पोर फाबोर – एकेक अक्षर सांगा. प्रतिनिधीही आडनावासाठी हेच म्हणेल. तेव्हा 'एच' ला 'आचे', 'जे' ला 'होता' आणि 'के' ला 'का' म्हणायचं.
- एन्बीएमे उन मेन्साहे – मला मेसेज पाठवा.
- पासेमे कोन उन सुपेर्बिसोर – वरिष्ठांशी जोडून द्या. मेक्सिकोत 'कोमूनीकेमे कोन...' अशी सुरुवात जास्त रुळलेली आहे.

'दीगामे', 'एन्बीएमे', 'पासेमे' या तिन्हींच्या शेवटी 'मे' आहे. तो म्हणजे 'मला'. आज्ञा होकारी असेल तर तो क्रियापदाला मागून चिकटतो. नकारी असेल तर सुटून पुढे येतो: 'नो मे क्वेल्गे' (माझा फोन कापू नका).

ईमेल सांगताना 'अ‍ॅट' च्या चिन्हाला 'आर्रोबा' म्हणतात. हे वजनाचं जुनं माप आहे. कास्तील प्रांतात ते साधारण ११.५ किलोचं होतं आणि शब्द 'चौथा भाग' या अर्थाच्या अरबी शब्दातून आला. आपल्याकडच्या 'पावशेर' मधल्या 'पाव' सारखाच. डॉटला 'पुन्तो' आणि अंडरस्कोअरला 'गियोन बाहो' म्हणायचं.

इंटरनेट बंद पडल्यावरचा संवाद

अशा फोनवर बोलणं साधारण पुढीलप्रमाणे जातं:

प्रतिनिधी: ब्वेनास तार्देस, दीगामे. (नमस्कार, बोला.)

ग्राहक: ब्वेनास तार्देस. नो तेंगो इंतेरनेत देस्दे आयेर. (नमस्कार. कालपासून इंटरनेट नाहीये.)

प्रतिनिधी: आपागे एल रूतेर, पोर फाबोर. एस्पेरे त्रेइंता सेगुंदोस. (राउटर बंद करा. ३० सेकंद थांबा.)

ग्राहक: या एस्ता. (झालं.)

प्रतिनिधी: आओरा एन्स्येंदालो. नो क्वेल्गे. (आता चालू करा. फोन ठेवू नका.)

ग्राहक: सीगे सिन फुन्स्योनार. (अजूनही चालत नाही.)

प्रतिनिधी: आनोते एल नूमेरो दे इन्सिदेन्स्या. (तक्रार क्रमांक लिहून घ्या.)

ग्राहक: एन्बीएमेलो पोर मेन्साहे, पोर फाबोर. (तो मला मेसेजवर पाठवा.)

यात प्रतिनिधीच्या वाक्यांतला पहिला शब्द बघितला तरी सगळी कृती कळते: बंद करा, थांबा, लिहून घ्या. 'एन्स्येंदालो' मधला शेवटचा 'लो' म्हणजे 'तो', इथे राउटर. स्पेनमध्ये बऱ्याच भागांत या शब्दातला 'स' हा 'थ' सारखा उच्चारतात, म्हणजे 'एन्थ्येंदालो'. घाबरायचं कारण नाही, शब्द तोच आहे.

याच कामात आणखी तीन आज्ञा येतात. 'देस्कोनेक्ते' म्हणजे वायर काढा, 'कोनेक्ते' म्हणजे जोडा आणि 'रेइनीस्ये' म्हणजे रीस्टार्ट करा. तक्रार क्रमांकाला स्पेनमध्ये 'नूमेरो दे इन्सिदेन्स्या', तर मेक्सिकोत 'फोल्यो' म्हणतात. तो मागितल्याशिवाय फोन ठेवू नये. नाहीतर पुढच्या वेळी सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, तीही परक्या भाषेत.

सिम, बिल आणि लाइन बंद करणं: इथे पैसे जातात

स्पेनमध्ये प्रीपेड सिम घेतानाही ओळखपत्र द्यावं लागतं. २००७ च्या कायद्याने ते बंधनकारक केलं. परदेशी माणसाचा पासपोर्ट चालतो. दुकानदार म्हणेल, "देमे सू पासापोर्ते" (पासपोर्ट द्या) आणि "फिर्मे आकी" (इथे सही करा). सिमला स्पेनमध्ये 'तार्हेता सिम' म्हणतात, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी नुसतं 'चिप'. मोबाइल हा स्पेनमध्ये 'मोबिल' आणि लॅटिन अमेरिकेत 'सेलुलार'.

दोन शब्दप्रयोग मात्र नीट कळलेच पाहिजेत. 'दार दे आल्ता' म्हणजे सेवा सुरू करणं आणि 'दार दे बाहा' म्हणजे सेवा बंद करणं. शब्दशः 'वर देणं' आणि 'खाली देणं' असा अर्थ होतो, म्हणून भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये कधी कधी विचित्र उत्तर येतं. कोर्स संपवून मायदेशी परतणाऱ्या विद्यार्थ्याने "दे दे बाहा मी लीनेआ, पोर फाबोर" (माझी लाइन बंद करा) हे स्पष्ट सांगितलं नाही, तर बिल चालूच राहू शकतं. त्याआधी "तेंगो पेर्मानेन्स्या?" हेही विचारून घ्यावं. 'पेर्मानेन्स्या' म्हणजे ठरावीक काळ कनेक्शन ठेवण्याची अट. ती मोडली तर दंड लागतो.

दुसरा सापळा आहे 'कान्सेलार' या क्रियापदाचा. ऐकायला 'कॅन्सल' सारखं आणि अनेक ठिकाणी अर्थही तोच. पण कोलंबिया, पेरू, चिली अशा देशांत बिलाच्या संदर्भात त्याचा अर्थ 'पैसे भरणं' असा होतो. "कान्सेले सू फाक्तूरा" असा मेसेज आला तर बिल रद्द करा असं कंपनी सांगत नाहीये. बिल भरा म्हणतेय. हा मेसेज 'रद्द' समजून सोडून दिला, तर काही दिवसांनी कनेक्शनच तुटलेलं असतं.

एका देशातला साधा शब्द दुसऱ्या देशात अश्लील?

हो, आणि तो नेमका फोनचाच आहे. स्पेनमध्ये फोन उचलणं म्हणजे 'कोखेर एल तेलेफोनो', आणि कुणीही तो शब्द बिनधास्त वापरतं. मेक्सिको आणि अर्जेंटिनात मात्र 'कोखेर' चा अर्थ शरीरसंबंधाशी जोडलेला आहे. त्यामुळे सगळीकडे चालणारं 'कोन्तेस्ते' (उत्तर द्या, फोन घ्या) हेच वापरलेलं बरं.

अर्जेंटिनात 'तू' ऐवजी 'बोस' वापरतात आणि त्याच्या आज्ञेत जोर शेवटच्या स्वरावर जातो. 'एस्पेरा' मध्ये इतरत्र 'पे' वर जोर असतो, तिथे तो 'रा' वर. 'मला सांग' हे इतरत्र 'दीमे', तिथे 'देसीमे'. उलट कोलंबियातल्या बोगोता भागात घरातल्या माणसांनाही 'उस्तेद' म्हणण्याची पद्धत आहे.

मेक्सिकोतला 'आओरीता' हा शब्दही ओळखून ठेवावा. शब्दशः 'आत्ताच', पण प्रत्यक्षात पाच मिनिटांपासून संध्याकाळपर्यंत काहीही. 'आलोच' म्हणून तासाभराने येणारा मित्र प्रत्येकाच्या ओळखीचा असतो, त्यामुळे हे समजायला फार कष्ट पडणार नाहीत. तंत्रज्ञ 'आओरीता' येतो म्हणाला, तर "दीगामे ला ओरा" (वेळ सांगा) असं म्हणणं योग्य.

सारखी आज्ञा देणं उद्धट वाटत नाही का?

नुसतं 'रेपीता' म्हटलं तर रुक्ष वाटतं. सोबत 'पोर फाबोर' जोडलं की चालतं. अजून सौम्य बोलायचं असेल तर "मे पुएदे रेपेतीर?" (पुन्हा सांगाल का?) अशी प्रश्नाची रचना वापरतात. फोनची सुरुवात मात्र थेट तक्रारीने करू नये. सकाळी 'ब्वेनोस दीआस' आणि दुपारनंतर 'ब्वेनास तार्देस' म्हणून मगच मुद्द्यावर यावं.

ज्या आज्ञा पाळायच्या नाहीत

परक्या भाषेत माणूस आपोआप आज्ञाधारक होतो. समोरचा भरभर बोलत असतो, आपल्याला अर्धंच कळतं आणि कळलेलं करून टाकण्याकडे कल होतो. फसवणूक करणारे याचाच फायदा घेतात. त्यांची वाक्यं ओळखून ठेवायला हवीत:

- दीगामे एल कोदीगो – कोड सांगा.
- आगा क्लिक एन एल एन्लासे – लिंकवर क्लिक करा.
- इन्स्ताले एस्ता आप्लिकास्योन – हे अ‍ॅप टाका.

यांच्या जोडीला वारंवार 'नो क्वेल्गे' म्हटलं जातं, म्हणजे तुम्हाला कुणाला विचारायला उसंतच मिळू नये. खऱ्या कंपनीच्या ओटीपी मेसेजमध्ये बहुधा याच्या उलट आज्ञा असते: "नो कोंपार्ता एस्ते कोदीगो कोन नादिए", म्हणजे 'हा कोड कुणालाही सांगू नका'. पुन्हा तेच, नकार पहिल्याच शब्दात.

पासवर्डला स्पॅनिशमध्ये 'कोन्त्रासेन्या' किंवा 'क्लाबे' म्हणतात. 'क्लाबे' लक्षात ठेवायला सोपं आहे, कारण मराठीतली 'चावी' पोर्तुगीजमधून आली आणि तिचं आणि 'क्लाबे' चं मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे. अनोळखी माणसाने फोनवर चावी मागितली तर जे उत्तर द्याल, तेच इथेही द्यायचं. अशा वेळी 'नो क्वेल्गे' ऐकूनही फोन ठेवायचा आणि कंपनीच्या अधिकृत नंबरवर स्वतः फोन लावायचा. स्पेनमध्ये सायबर फसवणुकीबाबत मदतीसाठी ०१७ हा मोफत सरकारी क्रमांक आहे. आपत्कालीन मदतीसाठी तिथेही भारतासारखाच ११२ आहे, मेक्सिकोत ९११.

सराव कसा करायचा?

सर्वात सोपा उपाय म्हणजे आठवडाभर फोनची भाषा स्पॅनिश ठेवायची. 'आसेप्तार' (स्वीकारा), 'कान्सेलार' (रद्द करा), 'देस्कार्गार' (डाउनलोड) हे शब्द बटणांवर रोज दिसतील. त्यांचं रूप 'आर' ने संपणारं मूळ क्रियापदाचं असतं. प्रत्येक बटण दाबण्याआधी त्याचा उस्तेदचा आज्ञार्थ मोठ्याने म्हणायचा: आसेप्ते, कान्सेले, देस्कार्गे. भाषा परत बदलण्याचा पर्याय सेटिंगमध्ये कुठे आहे, हे मात्र आधी बघून ठेवा.

दुसरा सराव कानाचा. स्पॅनिश सूचनांचा कुठलाही व्हिडिओ लावायचा आणि प्रत्येक वाक्याचा फक्त पहिला शब्द कागदावर लिहायचा. 'नो' ऐकू आला की फुली मारायची. चार-पाच दिवसांत कान वाक्याच्या शेवटाऐवजी सुरुवातीला लक्ष द्यायला लागतो.

कस्टमर केअरला फोन करण्याआधी चार गोष्टी समोर लिहून ठेवाव्यात: ग्राहक क्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक, आडनावाची अक्षरं आणि 'आब्ले मास देस्पास्यो, पोर फाबोर' हे वाक्य. यातलं शेवटचं फोन लागल्या लागल्या वापरावं. सावकाश बोलायला सांगण्यात कमीपणा नाही, आणि बहुतेक प्रतिनिधी ते ऐकून खरंच सावकाश बोलतात.